पाचशे बावन्नचा सुळका

मुंजाबाच्या नडगीला तिसऱ्यांदा लागलं, तेव्हा त्यानं घरून दिवा आणायचं ठरवलं.

लागलं ते कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात, पहिल्या मजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीमागच्या बोळकांडीत. दोन हात रुंद जागा. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला प्लायवूडचा आडोसा, मध्ये पाण्याचा कॉक, आणि खाली एक जुना लोखंडी पंप. पंप चालत नव्हता आणि खात्यावरून उतरवलेला नसल्यामुळं कुणी उचलतही नव्हतं. प्लायवूडच्या पलीकडं योगिनीचा प्रयोग चालायचा. त्यात विजेवर चालणारं एक मोठं चुंबक होतं. ते चालू केलं की पाच मिनिटांत तव्यासारखं तापायचं, म्हणून आधी त्याच्या अंगातून पाणी सोडायचं आणि मग वीज. पाणी सोडणं हे मुंजाबाचं काम. पाइप मधूनच निसटायचा, म्हणून चुंबक चालू असेपर्यंत तिथंच उभं राहणं हेही मुंजाबाचंच काम.

बोळकांडीत दिवा नव्हता. दिव्यासाठी त्यानं दोन अर्ज केले होते. दोन्ही अर्ज पुढच्या कार्यवाहीसाठी गेले होते आणि अजून चालतच होते.

शनिवारी तो पाचोडला घरी गेला, तेव्हा बायकोला म्हणाला, "म्हाळसे, तो पिळाचा दिवा कुठंय? एलईडी आल्यावर काढून ठिवलेला?"

"कशाला?" म्हाळसाबाई म्हणाली.

"कॉलेजात लावतो."

"तीस सालं सरकारची चाकरी केली, अन् आता दिवाबी आपल्याच घरचा न्यायचा?"

"नडगीबी आपल्याच घरची हाय."

तिनं कोनाड्यातल्या डब्यातून पांढऱ्या पिळाचा तो सीएफएल काढला, पदरानं पुसला आणि एका मोज्यात घालून दिला. वर बजावलं, "काम झालं की बंद करत जावा. खामखा जाळू नका."

मुंजाबानं सोमवारी बोळकांडीत खिळा ठोकला, होल्डर टांगला, दिवा लावून पाहिला. पंप दिसला. कॉक दिसला. प्लायवूडमधून पाइप पलीकडं जातो, तिथं पाइपापेक्षा भोक बरंच मोठं आहे, हेही दिसलं. पण ते त्याच्या कामाचं नव्हतं.

आता अंधाऱ्या खोलीच्या दारावर ठळक पाटी होती, 'प्रयोग चालू असताना कोणीही दिवा लावू नये.' मुंजाबा हा नियम इतका पाळायचा, की आत जाताना मोबाइल बाहेर ठेवायचा आणि रेडियमचे काटे असलेलं घड्याळ खिशात घालायचा. पण पाटी खोलीच्या दारावर होती. बोळकांडीला दारच नव्हतं, त्यामुळं पाटीही नव्हती.

योगिनीचं हे पाचवं वर्ष. ती काचेच्या तुकड्यांवर एका अर्धवाहकाचा थर चढवायची. धिरडं टाकण्याआधी तव्यावर तेलाचं बोट फिरवतात, ते तेलसुद्धा त्या थरापुढं जाडजूड म्हणावं इतका तो पातळ. त्यात चिमूटभर मँगनीज. अशा थरावर जांभळा लेसर टाकला की थर आपला स्वतःचा नारिंगी उजेड परत देतो. मशीन तो उजेड धान्य निवडावं तसं निवडतं, एकेक रंग बाजूला काढतं आणि कॉम्प्युटरवर आलेख काढून दाखवतं. तिथं रंगाला नाव नसतं, आकडा असतो. जगभरातल्या लोकांनी केलेला असा थर ५८५ ला उजेड देत होता. योगिनीचा ५९१ ला देत होता.

दोन वर्षं देत होता. तिनं त्रेचाळीस काचा केल्या. भट्टी बदलली, पावडर बदलली, उपवास सोडून बाकी सगळं केलं. आकडा ५९१ च.

"थर नासतोय तुमचा," गाडेकर सर म्हणायचे. डॉ. शिवशंकर गाडेकर तिचे मार्गदर्शक. "हाताला स्वच्छता नाही. परत करा."

चितेगावला कंपनीत सुपरवायझर असलेले तिचे वडील कारभारी फोनवर वेगळाच सल्ला द्यायचे. "सहाचाच फरक हाय ना? आमच्या कंपनीत एवढ्यात माल पास होतो. ५८५ लिहून टाक अन् मोकळी हो."

"असं लिहिता येत नाही, पप्पा."

"मग त्या सरांना सांग, माणूस म्हणलं की थोडं इकडं-तिकडं होतंच."

पण सरांना सांगण्याचे दिवस संपले होते. मुदतवाढ मिळून तीही संपत आली होती. शुक्रवारी पुण्याहून करुणा मॅडम तिचं काम तपासायला येणार होत्या. काम पटलं तर प्रबंध लिहायला परवानगी, नाही तर नोंदणी रद्द. पाच वर्षं आणि त्रेचाळीस काचा एका खोक्यात घालून घरी न्यायच्या.

मंगळवारी सकाळी योगिनीनं नेहमीसारखी प्लायवूडवर टकटक केली.

"काका, पाणी!"

"सोडलं!"

तिनं चुंबक चालू केलं. आलेखावर ५९१ चा तो ओळखीचा बुटका डोंगर आला. आणि त्याच्या डावीकडं, ५५२ वर, एक सुळका. दौलताबादच्या मिनारासारखा सरळ उभा. आसपास आणखी दोन-तीन किरकोळ काड्या होत्या, पण सुळक्यापुढं त्यांच्याकडं कोण बघतो?

योगिनीनं डोळे चोळले. चुंबक बंद केलं. "काका, बंद!"

"केलं!"

सुळका गेला.

"काका, पाणी!" सुळका आला. "काका, बंद!" सुळका गेला. असं दहा वेळा केलं. दहाही वेळा तो चुंबकाबरोबर आला आणि चुंबकाबरोबर गेला. पलीकडं मुंजाबा दहा वेळा दिवा लावत होता आणि म्हाळसाबाईला दिलेल्या शब्दाला जागून दहा वेळा बंद करत होता.

गाडेकर सर धावत आले. त्यांच्यासमोर आणखी सहा वेळा झालं.

"योगिनी," सर हलक्या आवाजात म्हणाले, "चुंबकानं नवीन उजेड निघतोय. हे कुणालाच दिसलेलं नाही."

"सर, पण हा फारच धारदार आहे. थरातून एवढं धारदार काही येत नाही."

"म्हणूनच तर नवीन आहे!"

तिनं थर बदलून पाहिला, तरी सुळका तोच. "म्हणजे सगळ्याच थरांत आहे!" सर म्हणाले. थर नसलेली नुसती काच ठेवून बघू का, असं तिनं विचारलं. "नसत्या गोष्टीत वेळ घालवू नका," सर म्हणाले. तिनं रात्री सगळे तक्ते चाळले. ५५२ ला जगात कुणाचंच काही नव्हतं. तेव्हा मात्र तिलाही ते खरं वाटायला लागलं.

बुधवारी सरांनी शोधनिबंधाचं शीर्षक लिहिलं. मजकूर अजून व्हायचा होता, पण शीर्षकात 'गाडेकर परिणाम' हे शब्द येऊन बसले होते. गुरुवारी गावातल्या एका पेपरात बातमी आली. फोटोत सर मशीनवर हात ठेवून उभे, योगिनी बाजूला, आणि कडेला मुंजाबाचा कोपर.

मुंजाबानं ती बातमी घडी घालून खिशात ठेवली. "ताई, हा सुळका निघाला म्हणजे तुमचं काम झालं ना?"

"झालं असं वाटतंय, काका."

"मग मी लई जपून पाणी सोडतो. एक थेंब कमी-जास्ती व्हायला नको."

शुक्रवारी सरांनी सगळं आखून ठेवलं. पेढ्यांचा पुडा टेबलाखाली. मुंजाबाला इस्त्रीचा गणवेश घालून चहाचा ट्रे धरायला सांगितला.

"अन् पाणी, साहेब?"

"पाहुण्यांसमोर ते टकटक आणि आरडाओरडा नको. आधीच सोडून ठेव. वाहू दे."

"वाहू दे?" मुंजाबाला ऐकू आलं ते पटेना. "साहेब, आठ-आठ दिवस नळाला पाणी नाय. अन् हे गटारात?"

"एक दिवस, मुंजाबा. एकच दिवस."

करुणा मॅडम ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, पायात कॅनव्हासचे बूट. हार नको म्हणाल्या, चहा नंतर म्हणाल्या, आणि सरळ अंधाऱ्या खोलीत शिरून स्टुलावर बसल्या. सरांनी वीस मिनिटं प्रस्तावना केली. मग बोट वर करून म्हणाले, "योगिनी, चुंबक."

योगिनीनं चुंबक चालू केलं. पडद्यावर ५९१ चा बुटका डोंगर आला. डावीकडं सपाट माळ.

"एक मिनिट, मॅडम," सर म्हणाले. "वीज वाढवा."

वीज वाढवली. माळच.

"अजून वाढवा."

चुंबक गुरगुरायला लागलं. सुळका काही येईना. योगिनीनं लेसर बघितला, काच बघितली, वायरी बघितल्या. दहापैकी दहा वेळा येणारा पाहुणा आजच रुसला होता.

"बंद करा जरा. थंड होऊ द्या," सर घाम पुसत म्हणाले.

चुंबक बंद झालं. आणि मुंजाबाचा जीव तिथं थांबेना. चुंबक बंद, आणि पाणी चालूच! त्यानं ट्रे ठेवला, हळूच दाराबाहेर सटकला, बोळकांडीत शिरला, दिवा लावला आणि कॉक पिळला.

"आला!" सर ओरडले. "बघा मॅडम, आला!"

५५२ वर सुळका ताठ उभा होता.

करुणा मॅडमनी चष्मा वर केला. "पण चुंबक तर बंद आहे ना?"

सरांनी वाकून चुंबकाचं बटण पाहिलं.

"ते..." सर म्हणाले, "उरलेलं चुंबकत्व असतं ना मॅडम, आतमध्ये. मुरलेलं."

तेवढ्यात मुंजाबानं दिवा बंद केला आणि सुळका पडला.

"आता ते संपलं," सर म्हणाले.

मुंजाबा परत येऊन ट्रे घेऊन उभा राहिला. सरांनी मान हलवली. "चुंबक पुन्हा. पण पाण्याचा आवाज येईना, पाणी कुणी बंद केलं? मुंजाबा, पाणी!" मुंजाबा पुन्हा गेला. चुंबक सुरू व्हायच्या आधीच सुळका उभा राहिला. करुणा मॅडम आता पडद्याकडं बघतच नव्हत्या. दाराकडं बघत होत्या.

"हे गृहस्थ कुठं जातात?"

"तो आमचा शिपाई, मॅडम. पाणी सोडतो. त्याचा यात काही संबंध नाही."

"असं का," म्हणत करुणा मॅडम उठल्या. "योगिनी, तू पडदा सोडू नकोस."

बोळकांडीत मुंजाबा कॉकवर हात ठेवून उभा होता. डोक्यावर म्हाळसाबाईचा दिवा लखलखत होता, आणि दिव्याच्या समोरच, प्लायवूडच्या त्या भोकातून, मशीनची काचेची भिंगं स्वच्छ दिसत होती. मॅडमना बघून मुंजाबा गांगरला.

"मॅडम, लाइटचं म्हणत असाल तर हा दिवा माझ्या घरचा हाय. सरकारी नाय."

"छान दिवा आहे," मॅडम म्हणाल्या. "याचं बटण कुठंय?"

मग प्लायवूडच्या अलीकडून आणि पलीकडून एक संवाद झाला.

"योगिनी, आता?"

"गेला, मॅडम."

"आता?"

"आला."

"आणि आता?"

"गेला."

"बरं. काका, तुम्ही लावा. का कोण जाणे, तुमच्या हातानं जास्त चांगला येतो."

"आला, मॅडम," आतून योगिनीचा आवाज आला.

खोलीत परतल्यावर करुणा मॅडमनी चुंबक बंद करून स्टूल पुढं ओढलं. गाडेकर सर टेबलाखालच्या पेढ्यांच्या पुड्याकडं बघत होते. योगिनी कशाकडंच बघत नव्हती. त्रेचाळीस काचा कोणत्या खोक्यात मावतील, याचा ती हिशेब करत असावी.

मुंजाबा दारात हात जोडून उभा होता. "ताई, मला बिल्कुल मालूम नव्हतं. नडगीला लागायचं म्हणून... आईशप्पथ."

"काका, तुमची काही चूक नाही," योगिनी म्हणाली. ती हे खरंच म्हणाली, त्यामुळं मुंजाबाला आणखीच वाईट वाटलं.

करुणा मॅडम मात्र पडद्यावरच बोट ठेवून बसल्या होत्या. "एक सांग मला. सीएफएलमध्ये पारा असतो. पाऱ्याची हिरवी रेषा ५४६ ला असते. पुण्यात ५४६, पाचोडला ५४६, चंद्रावर नेला तरी ५४६. ती बदलत नाही. मग तुझ्याकडं ५५२ ला का?"

योगिनीनं मान वर केली.

"त्याची निळी रेषा ४३६ ला असते. आलेख डावीकडं वाढव बघू. काका, दिवा लावा!"

मुंजाबा धावला. निळी रेषा आली. ४४२ वर.

"सहा," योगिनी म्हणाली.

"इथंही सहा, तिथंही सहा," मॅडम म्हणाल्या. "मशीन सगळंच सहा आकडे पुढं वाचतंय. म्हणून तर तक्त्यात तुला हा सुळका सापडला नाही. ५५२ ला शोधत बसलीस. ५४६ ला शोधला असतास तर पहिल्या पानावर दिवाच सापडला असता."

योगिनीनं वही ओढली. पेन सापडेना, तिनं बोटानंच टेबलावर लिहिलं. पाचशे एक्याण्णव वजा सहा. मग पुन्हा लिहिलं. शाळेतलं वजाबाकीचं गणित तिनं तीनदा तपासलं.

"पाचशे पंच्याऐंशी," ती म्हणाली. "मॅडम, पाचशे पंच्याऐंशी."

"हं. थर उत्तम आहेत तुझे. दोन वर्षांपासून उत्तम आहेत."

योगिनीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. मुंजाबा बोळकांडीतून ओरडला, "बंद करू का, मॅडम?" कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं लावलेला ठेवला आणि मनातल्या मनात म्हाळसाबाईची माफी मागितली.

"हे शक्य नाही," गाडेकर सर म्हणाले. "मशीन कंपनीनं बसवून दिलंय. हे बघा स्टिकर. तपासलेलं आहे."

"कधी तपासलं?"

"पाच वर्षांपूर्वी."

"नंतर हलवलं होतं का?"

"हलवलं. दोन वर्षांपूर्वी खालचं छत गळायला लागलं, म्हणून वर आणलं. पण नोंद आहे माझी, 'मशीन सुखरूप स्थलांतरित.' मुंजाबा! इकडं ये. मशीन वर आणताना काही झालं होतं का?"

मुंजाबा दारात येऊन चौकटीकडं बघायला लागला. "लई दिस झाले, साहेब."

"ठोका बसला होता?"

"जिन्याच्या वळणावर... थोडकाच."

"थोडकाच?" सरांना अखेर कुणीतरी सापडलं होतं. आवाज चढला. "एका मुलीची दोन वर्षं गेली, आणि थोडकाच? तेव्हाच का नाही सांगितलं? कोणाच्या हातून बसला?"

"आता जाऊ द्या ना, साहेब. झालं गेलं."

"जाऊ द्या कसं? मागची बाजू कोणाकडं होती?"

"मागं मी अन् गोकुळ व्हतो." गोकुळ म्हणजे शेजारच्या रसायनशास्त्र विभागाचा शिपाई.

"आणि पुढं?"

मुंजाबानं गणवेशाचं वरचं बटण लावलं, परत काढलं. "पुढं माणूस कमी पडत व्हता."

"कोण होतं पुढं? नाव सांग! मॅडमसमोर सांग!"

"साहेब," मुंजाबा अगदी हळू, अजिजीनं म्हणाला, "तुमचा फोन वाजला व्हता तवा. तुम्ही एका हातानं धरलं, अन् म्हणले, 'बोला, बोला, काही कामात नाही.'"

सरांनी स्टिकर पुन्हा एकदा वाचलं.

"मग मी नोंद केली, सुखरूप," ते पुटपुटले.

"तुम्हीच केली, साहेब. म्हणून म्या बोललो नाय. इज्जतीचा सवाल."

करुणा मॅडम उठल्या, ट्रेमधला गार झालेला चहा उचलला आणि म्हणाल्या, "टेबलाखाली पेढे दिसतायत. त्यांचं कारण बदललंय, पेढे काही बदलले नाहीत. काढा." त्यांनी योगिनीच्या कागदांवर तिथंच सही केली. खाली शेरा लिहिला, 'मशीनमध्ये सहाची दुरुस्ती करून प्रबंध लिहावा.' गाडेकर सरांनी पहिला पेढा योगिनीला दिला. देताना काहीतरी म्हणाले, पण ते इतकं हळू होतं की पेढा घेणं हेच त्यावरचं उत्तर झालं. 'गाडेकर परिणाम' कॉम्प्युटरमधून गेला. पेपरातली बातमी तेवढी मुंजाबाच्या खिशात राहिली.

पुढच्या आठवड्यात सरांनी स्वतः उभं राहून तीन गोष्टी केल्या. प्लायवूडचं भोक चिंध्या आणि काळी टेप लावून बुजवलं. मशीनला सहाची दुरुस्ती घातली. आणि मुंजाबाचा दिवा ताब्यात घेतला. दर सोमवारी मशीन तपासायला तो आता लागणार होता. दिव्याची रजिस्टरमध्ये नोंद झाली, 'प्रमाण प्रकाशस्रोत, नग एक.' त्याला कापसात गुंडाळून काचेच्या कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप घातलं आणि कुलपाखाली पाटी लावली, 'हात लावू नये.'

"दिवा परत नाय का आणला?" शनिवारी म्हाळसाबाईनं विचारलं.

"तो आता साहेब झालाय," मुंजाबा म्हणाला. "कपाटात बसतो. सोमवारचा सोमवार हजेरी."

"अन् तुमच्या तिथं उजेडाचं काय?"

"तिसरा अर्ज केलाय. यावेळी साहेबानं सोता सही केली. गेलाय पुढं."

सोमवारी योगिनीनं चव्वेचाळिसावी काच ठेवली, दार लावलं आणि प्लायवूडवर टकटक केली.

"काका, पाणी!"

पलीकडं पावलांचा आवाज आला. मग धप्प असं काहीतरी झालं, लोखंडाला हाड लागल्यासारखं.

"काका? लागलं का?"

"नाय, नाय," अंधारातून मुंजाबाचा दबलेला आवाज आला. "सोडलं. तुम्ही मोजा, ताई."

योगिनीनं मोजलं. पाचशे पंच्याऐंशी.